पालनकर्त्याची चढण

पुण्याचा व्यवहार वडिलोपार्जित मिळकतीसारखा चालतो की नाही, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्राइतकाच जुना असून त्याचे उत्तर शास्त्रकारांनी एकमुखाने कधीही दिलेले नाही. प्राणी एकटाच जन्माला येतो, एकटाच मरतो आणि आपल्या सुकृत-दुष्कृताचे फळही एकटाच भोगतो, असे मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. आणि तरीही ज्या परंपरेने हे विधान शिरोधार्य मानले तिनेच श्राद्धविधीचा एवढा मोठा विस्तार केला, की मुलाने दिलेल्या पिंडाने बापाला आणि बापाच्या बापाला गती मिळते, यावर आजही असंख्य कुटुंबांचा भाद्रपद उभा आहे. या देवघेवीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तिचा प्रवाह बहुतांशी खालून वर, म्हणजे मुलाकडून पितरांकडे वाहतो. बापाने जोडलेली श्रद्धा, बापाने सोसलेले कष्ट, बापाला झालेले दर्शन मुलाच्या खात्यावर जमा होते काय, आणि होत नसेल तर बापाने मुलाला हाताशी धरून देवाच्या डोंगरावर नेण्यात नेमके काय साधते, याचा विचार मात्र शास्त्रात फारसा आढळत नाही. तो करण्याची पाळी सह्याद्रीच्या एखाद्या वाटेवर, पुढे चालणाऱ्या मुलांच्या पाठी न्याहाळताना, माझ्यासारख्या सामान्य पालकावर येते.

कळसूबाईच्या वाटेवर सुटीच्या दिवशी हा प्रश्न शेकडो रूपांनी चालताना दिसतो. अकोले तालुक्यातील बारी गावातून निघालेली ही वाट १६४६ मीटर उंचीच्या, महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखरावर जाते. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसविल्या असल्यामुळे तिच्यावर गिर्यारोहकांपेक्षा गृहस्थाश्रमी माणसांची वर्दळ अधिक असते. कुणी बाप तीन वर्षांच्या पोराला खांद्यावर बसवून शिडीच्या प्रत्येक पायरीवर स्वतःच्याच छातीचा ठोका ऐकत वर जात असतो. कुणी आई, ‘आता आलंच, त्या वळणापलीकडे,’ हे असत्य इतक्या प्रेमाने आणि इतक्या वेळा उच्चारते की, धर्मराजाच्या ‘नरो वा कुंजरो वा’ला जर क्षमा नसेल तर या माउलीची वाट कठीण आहे, असे वाटावे. नवरात्रात याच वाटेवर आसपासच्या महादेव कोळी वस्त्यांतील माणसे देवीच्या दर्शनाला चढतात. त्यांच्यातली म्हातारी माणसेही नातवंडांच्या पुढे असतात, आणि त्यांच्या चढण्यात शहरी पालकाच्या चढण्यातला तो उपदेशाचा आवेश औषधालाही नसतो.

या शिखरावरच्या देवीची कथा परिसरात अनेक पाठभेदांनी सांगतात, परंतु तिचा गाभा सर्वत्र एकच आहे. कळसू ही कोळ्याची पोर. ती एका घरी कामाला राहिली, पण राहण्याआधी कोणते काम करीन आणि कोणते करणार नाही याचा करार तिने बोलून घेतला. तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ म्हणून दाखवितात. पुढे एके दिवशी करारात नसलेले काम तिला सांगण्यात आले. तिने भांडण केले नाही, दाद मागितली नाही, कुणाची मनधरणी केली नाही. ती घर सोडून सरळ डोंगर चढून गेली आणि वरच राहिली. महाराष्ट्राच्या सर्वांत उंच जागी आपण ज्या देवतेला बसविले आहे तिने असुर मारला नाही की कुणा ऋषीला वर दिला नाही. मोडलेल्या शर्तीपायी नोकरीवर पाणी सोडणारी एक मोलकरीण मुलगी, एवढेच तिचे चरित्र. आमच्या देवतामंडळात इतका स्वच्छ स्वाभिमान मला अन्यत्र क्वचितच भेटला आहे.

ही कथा मी माझ्या मुलीला एका शिडीच्या पायथ्याशी सांगितली, तीही निर्हेतुकपणे नव्हे. तिचे पाय थकले होते आणि कथेच्या आधाराने ते पुन्हा चालू लागतील असा माझा हिशेब होता. तिने ती लक्षपूर्वक ऐकली आणि विचारले, ‘‘बाबा, तिला वर जायला कुणी सांगितलं होतं?’’ कुणी नाही, म्हणून मी उत्तर दिले. यावर थोडा वेळ विचार करून तिने, ‘‘मग मी इथंच बसते,’’ असे जाहीर केले आणि खरोखरच एका धोंड्यावर बैठक मारली. शेजारी ताक विकणारी बाई मोठ्याने हसली. ‘‘बस गं बाय,’’ ती म्हणाली, ‘‘देवी कुठं पळून जातीया!’’ पुढे वरून उतरणाऱ्या एका मुलाने शिखरावर माकडे आल्याची वार्ता आणली तेव्हा ती आपण होऊन उठली आणि माझी वाट न पाहता शिडी चढली. त्या दिवशी तिला वर नेणारे बळ भक्तीचे नव्हते, हे मला मान्य आहे. परंतु ते तिचे स्वतःचे होते, आणि वर भंडारदऱ्याच्या जलाशयाकडे, अलंग, मदन, कुलंगच्या कड्यांकडे व रतनगडाकडे पाहताना माझे मन तिच्या प्रश्नातच गुंतून पडले होते. देवी स्वतःच्या निश्चयाने वर गेली. तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवरची मुले मात्र बहुतेक दुसऱ्याच्या निश्चयाने चालत असतात.

देवाला उंचावर बसविण्याची खोड सर्व समाजांना आहे आणि तिची कारणमीमांसाही पुष्कळांनी केली आहे; ती येथे उगाळण्याचे कारण नाही. मला विचार करावयाचा आहे तो त्या उंचीवर मूल घेऊन जाणाऱ्या माणसाचा. या प्रसंगाची सर्वांत भयंकर कथा आपल्याकडची नसून यहुद्यांच्या धर्मग्रंथातली आहे. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात ईश्वराच्या आज्ञेने अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला मोरिया प्रदेशातील एका डोंगरावर बळी देण्यासाठी घेऊन जातो. कथा अत्यंत थोडक्यात सांगितलेली आहे, पण तिच्यातले तपशील निर्घृणपणे अचूक आहेत. होमाच्या लाकडांचा भारा मुलाच्या पाठीवर आहे. विस्तव आणि सुरी मात्र बापाने स्वतःच्या हातात ठेवली आहे. वाटेत मुलगा विचारतो, की विस्तव आहे, लाकडे आहेत, मग कोकरू कोठे आहे? बाप उत्तर देतो की, कोकराची व्यवस्था देव करील. शेवटच्या क्षणी सुरी थांबते, मेंढा सापडतो आणि ईश्वर संतुष्ट होतो. त्यानंतर अब्राहाम डोंगर उतरून आपल्या चाकरांकडे परत आला, असे ग्रंथात लिहिले आहे. इसहाक त्याच्याबरोबर उतरला की नाही, याविषयी ग्रंथ एक अक्षरही बोलत नाही.

डेन्मार्कचा तत्त्वज्ञ किर्केगार्ड याने १८४३ साली टोपणनावाने प्रसिद्ध केलेल्या ‘भय आणि कंप’ या ग्रंथात याच कथेवर आपली सारी बुद्धी पणाला लावली आणि अब्राहामाला श्रद्धेचा महावीर ठरविले. नीतीच्या पलीकडे जाऊन ईश्वरासमोर एकट्याने उभे राहणाऱ्या माणसाचे ते चित्र विलक्षण सामर्थ्यवान आहे, यात शंका नाही. तथापि त्या ग्रंथाच्या मागे आणखी एक टेकडी आहे, आणि ती मला मोरियाहून अधिक बोलकी वाटते. जटलंडच्या माळावर मेंढरे राखणारा एक लहान मुलगा थंडीने आणि भुकेने कासावीस होऊन एका उंचवट्यावर उभा राहिला आणि त्याने ईश्वराला शाप दिला. वयाच्या ऐंशीच्या पुढे गेल्यावरही त्याला ते विसरता आले नाही, अशी नोंद किर्केगार्डने आपल्या रोजनिशीत करून ठेवली आहे. हा मुलगा म्हणजे त्याचे वडील. पुढे ते कोपनहेगनमध्ये सधन व्यापारी झाले, परंतु त्या एका उद्गाराबद्दल आपल्या घराण्यावर ईश्वराचा कोप आहे या समजुतीच्या छायेत त्यांनी आपली मुले वाढविली. म्हणजे पुण्य वारसाहक्काने उतरते की नाही हे विवाद्य असले तरी भय मात्र कोणत्याही दस्तऐवजावाचून, कोणत्याही साक्षीदारावाचून, बापाकडून मुलाकडे बिनतक्रार उतरते, याला हा एक पुरावा पुरेसा आहे. किर्केगार्डने अब्राहामाच्या अंतःकरणाचा ठाव घेण्यासाठी पानेच्या पाने खर्ची घातली. त्या मानाने इसहाकाच्या वाट्याला त्याच्या ग्रंथात फार थोडी जागा आली. अशा बापाच्या अशा मुलाने असे करावे, याचे मला आश्चर्य वाटत नाही, वाईट वाटते.

यहुद्यांची कथा सांगून आपण आपले हात धुऊन मोकळे होऊ शकत नाही. जेजुरीचा गडही डोंगरावरच आहे, आणि त्याच्या पायऱ्यांवरून कित्येक पिढ्यांच्या आईबापांनी आपली मुले नवसापोटी वर नेलेली आहेत. मूल व्हावे, झालेले जगावे, आजारातून उठावे, म्हणून खंडोबाला बोलायचे आणि देवाने ऐकले की तेच मूल देवाच्या पदरात टाकायचे. मुलगा असेल तर तो वाघ्या व्हायचा, मुलगी असेल तर देवाशी तिचे लग्न लावून ती मुरळी व्हायची. भंडारा उधळला जाई, आईबापांचा नवस फिटे, आणि ज्या करारात आपण पक्षकार नव्हतो त्याची अंमलबजावणी ती पोर जन्मभर स्वतःच्या देहाने करीत राही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शिवराम जानबा कांबळे यांनी आपल्या ‘सोमवंशीय मित्र’ पत्रातून या चालीविरुद्ध जी मोहीम उघडली ती आमच्या धार्मिक इतिहासातील एक मोठी घटना मानली जावी, अशी माझी धारणा आहे; कारण देव आहे की नाही या निष्फळ वादात न शिरता, देवाला जे द्यावयाचे ते देणाऱ्याच्या मालकीचे तरी होते काय, या प्रश्नाच्या मुळावरच तिचा घाव होता. सरकारचा देवदासी संरक्षणाचा कायदा मुंबई इलाख्यात १९३४ साली झाला. त्यापूर्वीच्या मुरळ्यांचे पुण्य कोणाच्या खात्यावर जमा धरायचे, हे धर्मशास्त्राच्या कोणत्याही फडणिसाने मला अद्याप सांगितलेले नाही.

आता कोणी असे म्हणेल, की रविवारच्या सकाळी मुलांना कळसूबाईवर नेणाऱ्या निरुपद्रवी बापाला अब्राहामाच्या आणि नवसकऱ्यांच्या पंगतीला बसविणे हा अतिरेक झाला. आक्षेप रास्त आहे. शिवाय त्याच्या पाठोपाठ दुसरा, अधिक अवघड आक्षेप येतो. मुलाची संमती घेतल्यावाचून त्याला कोठेही नेऊ नये, असा दंडक घातला तर कोणतेही मूल कोठेही जाणार नाही. जे पाहिलेले नाही त्याची इच्छा होत नाही. ज्याने डोंगर पाहिला नाही त्याला ‘डोंगरावर यायचे का?’ असे विचारणे म्हणजे संमतीचे सोंग आणणे होय. भाषा, अन्न, नाव, देव, सारे काही मुलाच्या अंगावर त्याला न विचारताच चढविलेले असते, आणि आपल्या मुलावर कोणतीच श्रद्धा लादणार नाही असा पण करणारा बापही आपल्या अश्रद्धेचा घोंगडा त्याच्या खांद्यावर टाकतच असतो. संमती आधी मिळू शकत नाही, आणि संमतीवाचून नेण्याचा अधिकार नाही. या पेचातून सुटण्यासाठी मला धर्मग्रंथांपेक्षा दिवाणी कायद्याचा अधिक उपयोग झाला.

अज्ञान वारसाच्या मिळकतीवर कायदा पालनकर्ता नेमतो. त्याने ती मिळकत राखावी, तिच्या उत्पन्नातून मुलाचे पालनपोषण करावे, शेत पडीक ठेवू नये, हे त्याचे कर्तव्यच असते आणि त्यासाठी तो कोणाच्या परवानगीचा मिंधा नसतो. परंतु स्थावर मिळकत गहाण टाकायची किंवा विकायची तर न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने नैसर्गिक पालकालाही, मग तो जन्मदाता बाप का असेना, हे बंधन घातले आहे. त्याने ते मोडून व्यवहार केलाच तर तो व्यवहार आपोआप रद्द होत नाही, पण मुलाच्या इच्छेने रद्द होऊ शकतो. सज्ञान झाल्यावर त्याने मुदतीत दावा लावावा, म्हणजे बापाने केलेले खरेदीखत बाजूला सारता येते. मला वाटते, मुलाच्या अंतःकरणावर आईबापांचा जो अधिकार चालतो तो याच स्वरूपाचा आहे. ते मुखत्यार आहेत, मालक नाहीत. त्यांनी मुलाला डोंगरावर न्यावे, देवळात न्यावे, वारीत न्यावे, वाटल्यास यांपैकी कोठेही नेऊ नये. ही वहिवाट झाली. मुलाला जे कधीही परत घेता येणार नाही ते देऊन टाकणे ही विक्री झाली, आणि तिला परवानगी देणारे न्यायालय मला तरी कोणत्याही शिखरावर आढळलेले नाही. कळसूबाईची चढण आणि जेजुरीचा नवस यांतला भेद उद्देशाच्या शुद्धतेचा नव्हे. नवस करणाऱ्या आईचा उद्देश माझ्याहून शेकडो पटींनी शुद्ध असू शकेल. भेद हा की, कळसूबाईवर नेलेली मुलगी संध्याकाळी खाली उतरते, आणि मोठी झाल्यावर पुन्हा डोंगराकडे पाहायचेही नाही असे ठरविण्यास मोकळी असते. कायद्याच्या दाव्याला मुदत असते, आणि सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत तो लावावा लागतो. श्रद्धेच्या बाबतीत ही मुदत कोणी घालू नये, एवढीच माझी दरखास्त आहे. कारण कित्येकांना बापाने करून ठेवलेला व्यवहार पन्नाशीनंतर प्रथम वाचता येतो.

कठोपनिषदातला नचिकेता मात्र मुदतीची वाट पाहत बसला नाही. बाप सर्वस्वदानाचा यज्ञ करीत होता आणि दानात देत होता ज्यांचे दूध संपले आहे अशा गाई. मुलाला ते खटकले, आणि सर्वस्वात आपणही मोडतो हे ओळखून, मला कोणाला देणार, असे त्याने पुन्हा पुन्हा विचारले. संतापलेला बाप म्हणाला, मृत्यूला. या कथेचा पुढला भाग, यमाने केलेला आत्मज्ञानाचा उपदेश, आमच्या विद्वानांनी शतकानुशतके वाखाणला आहे. पण त्याआधी एक लहानशी गोष्ट घडते तिच्याकडे म्हणावे तसे लक्ष जात नाही. यमाने देऊ केलेल्या तीन वरांपैकी पहिला वर या मुलाने आत्म्याच्या ज्ञानासाठी मागितला नाही आणि स्वर्गासाठीही मागितला नाही. बापाचा राग जावा, त्याचे मन शांत व्हावे आणि मी परत गेलो की त्याने मला ओळखून माझ्याशी बोलावे, एवढेच त्याने मागून घेतले. मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या त्या मुलाची पहिली चिंता बापाविषयी होती. ज्याचे दान चुकले त्याचा ऋणको मुलगा नव्हता, तरी फेड त्यानेच केली.

याच्या अगदी उलट चित्र आमच्या संतांच्या घरी आहे. जनाबाईच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध अभंगात विठ्ठल हा मुलांच्या घोळक्यात सापडलेला बाप आहे. कोणी खांद्यावर, कोणी हाताशी, कोणी कडेवर, आणि ज्ञानेश्वर मात्र पुढे चालतो आहे, मुक्ताई मागून येते आहे. वारीची वाट पाहिलेल्या कोणालाही हे दृश्य नवे नाही. तथापि या चित्रातील व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते, कारण तीत सर्व मुलांना एकाच रीतीने नेण्याचा हट्ट नाही. ज्याला उचलावे लागते त्याला उचललेले आहे. ज्याला पुढे जायचे आहे त्याच्या पाठीमागून देव चालतो आहे. खांद्यावर बसलेल्याचे दर्शन घडले की नाही, पायी चालणाऱ्याचे पुण्य अधिक की कसे, असा हिशेब तिथे कोणी मागत नाही. हिशेब मागण्याची सवय आम्हा मध्यमवर्गीयांची. मुलाने किती पायऱ्या स्वतः चढल्या आणि कितींवर त्याला उचलावे लागले, याची आठवण आम्ही पाहुण्यांसमोर त्याच्या देखत करून देतो.

आणि शेवटी, डोंगरावर मुलाला नेणाऱ्या आईबापांची गोष्ट जिथे पूर्णपणे उलटी होते ती कथा शिवपुराणात आहे. आधी लग्न कोणाचे, यासाठी पृथ्वीप्रदक्षिणेची पैज लागली. कार्तिकेय खरोखर पृथ्वीला वळसा घालावयास निघाला, आणि गणपतीने आईबापांभोवती फिरून पैज जिंकली. लहानपणापासून आपण ही कथा गणपतीच्या बुद्धिचातुर्याचा दाखला म्हणून ऐकत आलो. थकून परत आलेल्या मुलाला भावाचे लग्न झालेले दिसले तेव्हा त्याला काय वाटले असेल, हे आपल्याला सहसा कोणी सांगत नाही. पुराणकाराने ते सांगितले आहे. आईबापांनी अडविले तरी न थांबता तो क्रौंच पर्वतावर निघून गेला. मग पुत्रवियोगाने व्याकुळ झालेले शिवपार्वती स्वतः तो पर्वत चढून त्याच्याकडे गेले; आणि ते येत आहेत असे कळताच कार्तिकेय आणखी तीन योजने दूर जाऊन राहिला. त्याची समजूत पटली, तो परतला, सारे पुन्हा कैलासावर सुखाने नांदले, असा शेवट जोडणे पुराणकाराला अवघड नव्हते. त्याने तसे केलेले नाही. आईबाप जिथपर्यंत पोहोचले तिथेच ज्योतिरूपाने राहिले, आणि तेव्हापासून अमावास्येला शंकर व पौर्णिमेला पार्वती मुलाला पाहून येते, म्हणून तो सांगतो. श्रीशैलावरचे मल्लिकार्जुन ज्योतिर्लिंग ते हेच. दक्षिणेच्या मोहिमेत १६७७ साली शिवाजी महाराज तेथे जाऊन राहिले होते, आणि मराठी यात्रेकरूंची रीघ आजही त्या डोंगराकडे लागलेली असते. परंतु ही सारी माणसे चढतात ती मुलाच्या मागोमाग येऊन तीन योजने अलीकडे थांबलेल्या आईबापांच्या दर्शनाला.